ओल्या पायानं याव

"विळी लांब घे गो. आणि पदर खोच तुझा. पदराचा वारा लागतो मना."

माझी सासू ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय उशीवर, उशी पाटावर, आणि या सगळ्या थाटाच्या टोकाला तिच्या पायाचा अंगठा. लाल, तुकतुकीत, झाडावरून नुकत्याच पडलेल्या रातांब्यासारखा. मी विळी हातभर मागे ओढली, पदर खोचला आणि पुन्हा नारळ खवायला लागले. खोबऱ्याचा एक कण उडून उशीच्या कडेला पडला. तिनं श्वास धरला. कण अंगठ्याला लागला नाही, तेव्हा सोडला.

"काय म्हणतो गो जावई?" रस्त्यावरून जाता जाता बाळीआत्यानं विचारलं. बाळीआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण.

"बसलाय," सासू म्हणाली. "पाय वर करून बसलाय. काम ना धंदा, नि उठवायची सोय नाय."

जावई म्हणजे तिचं दुखणं. तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला गाऊट म्हटलं होतं, रक्तात युरिक ॲसिड वाढतं आणि ते सांध्यात जाऊन बसतं असं सांगितलं होतं. सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन त्याचं नाव जावई ठेवलं. न सांगता येतो, चार दिवस राहतो, त्याच्यापुढे कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. डॉक्टरनं जवळा, सुकट, तारली, बांगडा, कालवं, शिंपल्या, ताडी असं एकेक बोट मोडत बंद केलं, तेव्हा मी तिच्याबरोबर होते.

"मग कोळणीनं खायचं काय?" तिनं विचारलं होतं. "रेती?"

त्याला झाली होती तीन वर्षं. तीन वर्षांत जावयानं एकेक करून तिचं सगळं नेलं. विळीवर बसून म्हावरं कापणं नेलं, कारण विळी पायानं दाबावी लागते. डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जाणं नेलं. होडीच्या फळीवरून चालणं, मांडी घालून जेवणं, शिमग्यात कमरेवर हात ठेवून नाचणं, सगळं. सासऱ्यांची जुनी चप्पल अंगठ्यापुरती कापून ती घालायची. थंडीत सगळं अंग पांघरुणात आणि तेवढा अंगठा बाहेर, कारण चादरीचं ओझं त्याला सोसायचं नाही.

एकच गोष्ट त्याला नेता आली नव्हती. तिचे धवळे.

माझी सासू पदूबाय ही आमच्या कोळीवाड्याची धवलारीण. आमच्या लग्नात हळद लावायची तर धवळा, मांडव उभारायचा तर धवळा, नवरी घराबाहेर काढायची तर धवळा. धवलारीण गाते, तेव्हाच पुढचं पाऊल पडतं. पेटी नाही, ढोल नाही. ती डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर आपटायची, ठप, ठप, आणि त्या ठपक्यावर तिचा तो रुंद, किंचित फाटलेला आवाज खाडीतल्या भरतीसारखा अंगणभर चढायचा. जावई घरी नसला की ती अजूनही गायची. त्याच अंगठ्यावर.

मी तिच्यामागे झील धरायची. तिनं चरण म्हणायचा, मी त्याचा शेवटचा तुकडा उचलायचा. सहा वर्षं मी शेवटचे तुकडे उचलले. एकदा शेजारच्या वाडीतल्या लग्नात कोणीतरी म्हणालं, "पदूबाय, सुनेचा गळा गोड हाय हां." ती लगेच म्हणाली, "ती भिंत हाय. माझाच आवाज परत येतो."

बायका खूप हसल्या. मीही हसले.

सगळे धवळे मला पाठ होते. एकच नव्हता, आवतण. हळदीच्या दिवशी मांडव उभा राहिला की त्याच्या चार मेढींना, म्हणजे खांबांना, फेरी घालत घरच्या मेलेल्या माणसांना नावानं हाक मारायची. हाक मारल्याशिवाय पितरं मांडवात येत नाहीत. त्याला झील नसते. तेवढा धवळा धवलारणीनं एकटीनं म्हणायचा, उभ्यानं, चालत. चाल आम्हा सगळ्यांना येत होती, पण नावं कुठून आणणार? चाळीस घरांचे मेलेले माझ्या सासूच्या तोंडात राहत होते.

त्या वर्षी, सत्त्याण्णवच्या वैशाखात, तिच्या धाकट्या मुलीचं, माझी नणंद प्रमिला हिचं लग्न ठरलं. सासू हरखून गेली होती. दुसऱ्यांच्या शेकडो पोरी तिनं गाऊन सासरी धाडल्या होत्या. आता तिची स्वतःची. जावई चार दिवसांनी उठून गेला, अंगठ्याची साल निघाली आणि ती चप्पल न घालता घरभर फिरायला लागली.

हळदीला सहा दिवस होते. दुपारी ती ओटीवर सुपारी कातरत बसली होती.

"आये," मी म्हटलं, "हळदीला झील धरायला हिरवी साडी नेसू की पिवळी?"

"कोणती बी नेस. तू चुलीपाशी असशील."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "आणि झील?"

"झील नको. मी एकटी पुरते."

"पण आये, सहा वरसं..."

अडकित्ता थांबला. "गेल्या श्रावणात तुझ्या ओटीतून काय गेलं, ते विसरलीस काय गो?"

मी विसरले नव्हते. बारशाचा पाळणा माझ्या नवऱ्यानं निळ्या रंगानं रंगवून ठेवला होता. हिराजी बोटीवर जायचा, त्याच्याकडे बोटीचाच रंग होता. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. पोर अकराव्या दिवशी गेलं.

"त्यानंतर मी चार लग्नांत झील धरली," मी म्हटलं. "तूच नेलंस मना."

"दुसऱ्याच्या मांडवात चालतं," ती म्हणाली आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला. "माझ्या पोरीच्या मांडवात तुझा आवाज नको."

मी आत गेले. आत फळीवर, अगदी वर, पाहुण्यांसाठी ठेवलेला जवळ्याचा डबा होता. सुकवलेला जवळा, नखाएवढाही नाही, कागदासारखा हलका. भाजला असता तर वास चार घरं गेला असता. म्हणून मी तो कच्चाच कुटला. खलबत्त्यावर फडकं टाकून. पिठासारखा झाला तेव्हा दोन चमचे तुरीच्या वरणात घातले, वरून लसूण आणि आमसुलं सढळ हातानं. चाळीस वर्षं मशेरी लावून तिच्या नाकाचं लाकूड झालं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

ती जेवायला बसली. वरण भातावर घेतलं, कालवलं, पहिला घास तोंडात घातला आणि थांबली.

माझ्याकडे पाहिलं.

"वरण बरं झालंय," ती म्हणाली.

दुसरा घास घेतला. तिसरा. मग ताट पुढे केलं. "आणखी वाढ."

चार दिवस मी तेच वरण केलं. चार दिवस तिनं ताट पुसून खाल्लं. प्रमिला म्हणाली, "आये, हल्ली जेवतेस बरी." सासू म्हणाली, "लेकीच्या लग्नाची भूक हाय."

हळदीच्या दिवशी पहाटे जावई आला.

ओरडली नाही ती. ओरडायची तिची पद्धतच नव्हती. फक्त दात एकमेकांवर घासल्याचा आवाज आला, वल्हं खडकावर घासावं तसा. मी दिवा नेला. अंगठा नव्हताच तो, कोणीतरी तिच्या पायाला निखारा बांधला होता. सूज घोट्यापर्यंत चढली होती. हिराजी धक्क्यावर गेला आणि म्हावऱ्याच्या पेट्यांतला बर्फ घमेलंभर घेऊन आला. बर्फाला बोंबलाचा वास येत होता. त्या बर्फाच्या पाण्यात तिनं पाय सोडला आणि डोळे मिटले.

डॉक्टरनं सुई दिली आणि दोन दिवस लागतील म्हणाला.

"दोन दिवसांनी माझी पोर दुसऱ्याच्या घरी असेल," ती म्हणाली.

प्रमिला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "तू आवतण केल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय, आये. बाबा कसे येतील?"

सासूनं तिच्या केसांतून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळी बाहेर जा. दमे, तू बस हितं."

मी बसले. मनात पाप होतं की आनंद, हे मला तेव्हाही कळलं नाही.

"हात जोड," ती म्हणाली. मी जोडले. "चार मेढी. पयल्या मेढीला बापये. दुसऱ्या मेढीला बायका. तिसऱ्या मेढीला दर्यानं नेलेली. चौथ्या मेढीला कवळी गेलेली. उलटं सुलटं करू नको. म्हण माझ्यामागं."

आणि तिनं हळू आवाजात सुरुवात केली:

"यावा जी यावा कान्हूबाबा, ओल्या पायानं यावा,
दर्याची वाट सोडून माझ्या मांडवाला हात लावा."

कान्हूबाबा म्हणजे सासरे. त्यांचे वडील धाकूबाबा. त्यांचे वडील पोशाबाबा. मग लखमाबाय, मग मैनाबाय. मग तुफानात गेलेला चुलतदीर पांडू आणि त्याच्याबरोबरचा खलाशी, ज्याचं घरदार नव्हतं म्हणून आमच्या घरानं त्याला आपल्यात घेतलं होतं. एकेक नाव ती माझ्या ओंजळीत ठेवत होती. मी म्हणत होते. माझा आवाज पहिल्यांदाच माझ्या गळ्यातून निघत होता, कोणाच्या मागून नव्हे. भिंतीवरचं कॅलेंडर हलल्यासारखं वाटलं मला.

"भिंतीला तोंड फुटलं," ती म्हणाली. शिवी होती का शाबासकी, देव जाणे. "आता चौथी मेढ. तिथं एकच नाव. जायबाय.

याव गो याव जायबाय, ओल्या पायानं याव,
उंबऱ्याची भीड सोडून माझ्या मांडवात उभी ऱ्हाव."

"जायबाय कोण?"

"एक पोर होती. लगीन करून या घरात आली नि मेली."

"कधी?"

"सोळाव्या वरसी." तिनं घमेल्यात पाय हलवला. बर्फ खळखळला. "चांगली गायची. माहेरच्या अंगणात गायची. हितं आली नि संपली."

तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. त्या मऊपणानं मला धीर आला. मी विचारलं, "आये, चौथी मेढ कवळ्यांची. मग माझा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"बिननावाच्याला हाक कशी मारायची गो?"

मी उठले. नाव होतं. मी ते मनात ठेवलं होतं, त्याच्या जन्माच्या दिवसापासून. पण ते तिला सांगितलं नाही.

दिवेलागणीला मांडव भरला. मी पिवळी साडी नेसले. प्रमिला पाटावर बसली, कपाळाला मुंडावळ्या, डोळे रडून सुजलेले. बायका गोल करून उभ्या, पुरुष अंगणाच्या कडेला. बाळीआत्या सगळ्यांत पुढे, खुर्चीवर. सासू आतल्या खोलीत, घमेल्यात पाय सोडून. दार उघडं होतं.

मी पहिल्या मेढीला हात लावला.

कान्हूबाबांना हाक मारली आणि प्रमिलेचा बांध फुटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या मेढीला लखमाबाय आली, मैनाबाय आली. तिसऱ्या मेढीला पांडूचं नाव घेतलं तेव्हा अंगणाच्या कडेला उभ्या पुरुषांपैकी कोणीतरी टोपी काढली. मी चालत होते, जमिनीला माझे पाय लागत नव्हते. मला कळत होतं की या क्षणापासून या वाड्यात माझ्याशिवाय हळद लागणार नाही. सहा वर्षांचे तुकडे जुळून आले होते.

चौथ्या मेढीला मी डोळे मिटले. त्या न पाहिलेल्या, सोळा वर्षांच्या पोरीसाठी मी गळा सगळा मोकळा सोडला.

"याव गो याव जायबाय, ओल्या पायानं याव,
उंबऱ्याची भीड सोडून माझ्या मांडवात उभी ऱ्हाव..."

मांडवात कोणी श्वासही घेतला नाही. मला वाटलं, माझ्या गाण्यानं.

आणि आतून आवाज आला, रुंद, किंचित फाटलेला.

"आले गो, आले!"

मी डोळे उघडले. सासू उंबऱ्यात उभी होती. एक हात चौकटीला, लुगडं गुडघ्याशी धरलेलं. बर्फाच्या पाण्यातून थेट उठून आलेला तो लाल पाय तिनं उंबऱ्याबाहेर टाकला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाच बोटांचा ओला ठसा उमटला.

"अगो बया!" बाळीआत्या खुर्चीतून अर्धी उठली. "जाय म्हणजे आपली पदूच ना गो! जाय तिचं माहेरचं नाव. तांदळात बोटानं लिहून मीच बदललंय ते. अगो, जित्या माणसाला पितरांत हाक घातलीस?"

एक बाई मागे सरली. मग दुसरी. माझ्याभोवती बघता बघता रिकामी जागा झाली.

"वैनी," प्रमिला पाटावरून ओरडली, "माझ्या हळदीला माझ्या आयेला मारतेस?"

"मी नाय," मी म्हटलं. "तिनंच. आज सकाळी आयेनंच हे नाव..."

सासू एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली. प्रत्येक पावलाला तिच्या कपाळावरची शीर उठत होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी ठेवावा तसा, आणि माझ्या कानाशी वाकली.

"सांग ना," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना सांग. आणि वरणाचं बी सांग."

मी मेढीवरचा हात काढला.

"जाऊ दे गो बायांनो," मग ती मोठ्यानं म्हणाली. "सूनबाय आवतणाला नवी हाय. तिला काय कळतं? हाक आली, म्हणून मी आले. आता आलेच हाय तर..."

तिनं चौथ्या मेढीला धरलं, डावा पाय उचलला आणि तो निखाऱ्यासारखा अंगठा जमिनीवर आपटला.

ठप.

बायकांच्या तोंडून एकदम हाय निघाली. जणू तो अंगठा त्यांचाच होता. तिनं पुन्हा आपटला. ठप. चेहऱ्यावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, आणि ती गात होती. पहिल्या मेढीपासून, सगळी नावं, पुन्हा. चौथ्या मेढीला ती काहीच न म्हणता, फक्त हात लावून पुढे गेली. तसं गाणं त्या वाड्यानं त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. हिराजीनं माझा दंड धरला आणि मला चुलीपाशी नेऊन सोडलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

बाहेर हळद चालू असताना ती आत आली. भिंत धरून, सरपटत. पायाकडे बघवत नव्हतं. माझ्यासमोर खाली बसली, पाय लांब केला.

"वाढ," ती म्हणाली.

मी भात वाढला. वरण वाढलं. त्यात काही नव्हतं. तिनं वास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"आज साधंच?"

मी वरणाचं भांडं झाकलं.

"पयल्या घासाला कळलं मना," ती म्हणाली. "जलमभर जवळा विकला मी. मशेरीनं नाक मरतं, जीभ नाय मरत."

"मग खाल्लंस कशाला?"

तिनं त्या अंगठ्याकडे पाहिलं. खरोखरच्या जावयाकडे बघावं तसं.

"पयला घास तू घातलास. दुसरा मी माझ्या मर्जीनं खाल्ला. तीन वरसं तोंडात म्हावरं नाय गो. वाटलं, चार दिवस खाऊ, जावई काय लगेच येतो? माझी पोर उजवून होईल, मग येऊ दे मेल्याला." ती थांबली. "नाय थांबला."

बाहेर बायका हसत होत्या, हळदीचं पाणी उडत होतं. धवळा बायकांनीच पुढे चालवला होता. माझ्याजागी कोणीतरी झील धरली होती आणि ती चुकत होती.

"एक ध्यानात ठेव," उठता उठता ती म्हणाली. "जवळा भाजून घालावा. कच्चा कचकचतो."

त्यानंतर मला कोणी मांडवात बोलावलं नाही. झील धरायलाही नाही. नळावर, बाजारात, धक्क्यावर मी जित्या सासूला आवतण घालणारी झाले. नवी नवरी माझ्यासमोरून जायची असली की तिची आई तिला पलीकडच्या बाजूला घ्यायची. सासू सहा वर्षं जगली. तिचं पथ्य मीच सांभाळलं, एक दिवस न चुकता. दुधी, पडवळ, दूध, पांढरा भात. भाजलेल्या बोंबलाचा वास शेजारून आला की ती नाक वर करून बसायची आणि मी खिडकी लावून घ्यायची. "दमे, बोंबलाची एक काडी," ती म्हणायची, "चाटून देते परत." मी म्हणायची, "डॉक्टरनं नको सांगितलंय, आये." शेवटच्या आजारातही तिनं तेच मागितलं. मी पेज भरवली.

चाळीस घरांचे मेलेले ती आपल्याबरोबर घेऊन गेली. आमच्या घरचे तेवढे माझ्याकडे राहिले.

मागच्या वैशाखात माझ्या मुलीचं, अक्षताचं लग्न झालं. दारात मांडव होता, मेढी लोखंडी पाइपांच्या. धवळे मोबाईलवर लावायचं ठरलं होतं. हळदीच्या दिवशी प्रमिला माझ्याजवळ आली. तिचेही केस आता पांढरे आहेत.

"वैनी," ती म्हणाली, "मोबाईलमधल्या बाईला आपल्या घरची नावं कुठून ठाऊक? आवतण तू म्हण."

"मी?"

"किती वरसं झाली गो. आणि आता..." ती जरा अडखळली. "आता ते नाव बरोबरच हाय ना."

खरं होतं. यादी बिनचूक झाली होती.

मी पहिल्या पाइपाला हात लावला. माझे पाय अजून धड आहेत. कान्हूबाबा, धाकूबाबा, पोशाबाबा. लखमाबाय, मैनाबाय. पांडू आणि त्याचा खलाशी. मध्ये हिराजीचंही नाव आता आलं होतं, तिसऱ्या मेढीला. चौथ्या मेढीपाशी प्रमिलेनं पदर डोळ्यांना लावून ठेवला, आईचं नाव येणार म्हणून.

मी दुसरंच नाव घेतलं. लहानसं, दोन अक्षरांचं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडाबाहेर आलं. कोणाचं म्हणून कोणी विचारलं नाही. निळ्या पाळण्याची आठवण असलेलं तिथं कोणी उरलं नव्हतं.

"वैनी, आयेचं राहिलं," प्रमिला कुजबुजली.

"राहू दे," मी म्हटलं.

हाक मारल्याशिवाय पितरं मांडवात येत नाहीत. ती दाराबाहेर उभी असेल, चौकटीला हात लावून, ओल्या पायानं. अंगठा ठणकत असेल.

पितरांचं पान मांडवाबाहेर, माडाच्या बुंध्याशी ठेवतात. मुली वाढायला निघाल्या होत्या, मी त्यांना बसवलं आणि पान स्वतः घेऊन गेले. भात वाढला, त्यावर वरण ओतलं आणि मागे न बघता परत आले.

वरणात जवळा होता. भाजून घातला होता.